रोजगार घेऊन आलेले पाहुणे

सकाळी सव्वानऊला पहिली गाडी आमच्या वाडीत चढली, तिथून हे सगळं सुरू झालं. निवडणूक पंचायत समितीची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमचा बायकांचा बचत गट माझ्याच अंगणात नाचणीचे पापड लाटायला बसतो. बायका एका जागी सापडतात म्हणून प्रत्येक उमेदवार आधी इथंच! त्या दिवसांत पापड कमी झाले आणि किस्सेच जास्त साठले.

मी मात्र प्रत्येकाचं भाषण कान देऊन ऐकायची. आमचे हे भिवंडीच्या गोडाऊनात. गणपती आणि शिमगा सोडला तर घरी येणं नाही. पोरगी तीन वर्षांची, तिला बाप ठाऊक तो मोबाईलमधला. महाडच्या एमआयडीसीत काम लागलं तर माणूस रोज घरी जेवेल, एवढंच माझ्या डोक्यात.

पहिला उमेदवार म्हणाला, "तालुक्यात कंपनी आणतो! घरटी एक नोकरी!"

आमची साळूकाकी गटात सगळ्यात मोठी. लाटणं न थांबवता म्हणाली, "कंपनी ऱ्हावू दे रे बाबा, आधी एसटी आण. कंपनीत जायला खाली उतरायचं कसं?"

दुसऱ्या एक ताई आल्या. त्यांचं धोरण शिलाई मशीनचं. प्रत्येक घरात मशीन, प्रत्येक बाईला रोजगार.

शेजारची सुमन म्हणाली, "शिवीन गो ताई, पण शिवू कुणाचं? कपडे फाडणारे सगळे मुंबैला!"

ताई हसल्या. आम्ही पण.

तिसरा पर्यटनवाला. आमचाच एक पापड मोडून खात म्हणाला, "होमस्टे काढा. मुंबईची माणसं इथं येऊन राहतील, वर पैसे देतील!"

मी सहसा बोलत नाही, पण तोंडून गेलंच, "दादा, मग सुरुवात आमच्या ह्यांच्यापासून करा. पैसे मीच देईन!"

चौथ्यानं गाडीच पाठवली नाही, मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. 'स्थानिकांना आधी नोकरी' असं हात जोडून सांगत होता. माझ्या पोरीनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ओरडली, "पप्पा!"

सगळ्या खो खो हसल्या. मला हसू येईना. मी मोबाईल काढून घ्यायला गेले तर काकी म्हणाली, "बोलू दे गो तिला. ह्यो तरी रोज दिसतो!"

मतदानाच्या दिवशी मात्र कमाल झाली. मुंबईकर मतदारांना आणायला एका उमेदवारानं बस केली होती, त्यातून आमचे हे सकाळी उतरले! पोरगी माझ्या पदराआड. ह्यांनी हात पुढे केला की ही मागे. मतं दिली, जेवणं झाली, तरी ती जवळ जाईना. आणि कार्यकर्ता ओरडायला लागला, "दोनला गाडी सुटणार! चला, चला!"

मी ह्यांची पिशवी भरायला घेतली. साळूकाकीनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि सरळ ड्रायव्हरला हाताला धरून पानावर बसवलं. "पावण्याला अर्धपोटी उठवायची पद्धत नाय आमच्याकडं!" कोंबडी, वडे, वर परत वडे. तो नको म्हणाला की सुमन वाढायची. शेवटी तो उठला तो ओसरीवरच्या खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

कार्यकर्ता धावत आला. काकी खाटेपुढं उभी. "झोपेतल्या माणसाच्या हातात गाडी देतोस? ह्या वळणांवर? आत आमची पोरं बसणार हायत रे!"

गाडी सुटली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर पोरगी ह्यांच्या खांद्यावर बसून सगळी वाडी फिरून आली होती.

पुढच्या खेपेला तुमच्याकडे मतदानाची बस आली, तर शेजारच्या वाडीतल्या बायकांनाही एवढं कळवा: ड्रायव्हरला वडे वाढताना हात आखडू नका.