केशवरावांच्या गाडीचा मागचा दिवा

महिपती शेडगे मूळचा मळवलीकडचा. घरची भातखाचरं थोरल्या भावानं सांभाळली आणि महिपती पहिल्या लढाईत पलटणीच्या मोटारखात्यात भरती होऊन बसऱ्याला गेला. परत आला तेव्हा एक कान बहिरा झाला होता, पण हातात मोटारीचं काम बसलं होतं. लोणावळ्यात मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यानं पत्र्याची शेड उभी केली. घाट चढून आलेल्या गाड्या तिथं पाण्याला थांबत, काही दुरुस्तीला. शेडच्या मागेच तो आणि त्याची बायको धोंडाबाई राहत. मूलबाळ नव्हतं.

केशवराव देवी टोचायचं सरकारी काम करत. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर फिरून पोरांना देवी टोचायच्या आणि संध्याकाळी लोणावळ्याला घरी यायचं, असा त्यांचा दिनक्रम. माणूस धिप्पाड, हसरा. सायकल त्यांच्या वजनाला पुरत नाही असं ते स्वतःच म्हणत. एका साहेबानं विलायतेला जाताना टाकून दिलेली जुनी मोटारसायकल त्यांच्या हाती लागली, तिचं इंजिन फुटलेलं होतं. महिपतीनं दुसऱ्या गाडीचं इंजिन तिच्या सांगाड्यात बसवलं, आणि केशवरावांना पेलेल अशी स्प्रिंगांची रुंद सीट तिसऱ्याच गाडीची काढून लावली. वायरी सगळ्या नव्यानं ओढल्या. गाडी सुरू झाली तेव्हा केशवरावांची बायको अनसूयाबाई हळदकुंकू घेऊन शेडवर आली होती. ही गोष्ट एकोणीसशे अडतीसची.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा केशवराव तक्रार घेऊन आले. मागचा दिवा जात होता. तळेगावात पोलिसानं अडवलं होतं, मळवलीच्या रेल्वे फाटकावरच्या माणसानंही ओरडून सांगितलं होतं. "पण गंमत अशी, महिपती," ते म्हणाले, "मी उतरून मागं जाऊन बघतो, तर दिवा आपला जळतोय."

महिपतीनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. बल्ब बदलला. बॅटरीची टोकं घासून साफ केली. मडगार्डाचा रंग खरवडून दिव्याची बैठक लोखंडाला नीट टेकवली, कारण रंगामुळे कधी कधी वीज लोखंडातून बॅटरीकडे परत फिरत नाही. इंजिन चालू ठेवून वायर जागोजाग हलवून पाहिली. शेवटी स्वतः सीटवर बसून खड्ड्याखड्ड्यांतून गाडी फिरवली आणि धोंडाबाईला रस्त्यावर उभं करून बघायला सांगितलं.

"जळतोय की," ती म्हणाली. "एकदाबी गेला न्हाई."

त्याचं समाधान झालं नाही. गाडी अजून राहू द्या, असं तो म्हणाला. पण पवन मावळात देवीची साथ सुरू झाली होती आणि केशवरावांना थांबणं शक्य नव्हतं. दिवा तर जळताना दिसतच होता. ते गाडी घेऊन गेले.

भाद्रपदात लोणावळ्याकडचं धुकं रस्त्यावर उतरतं ते दिवस दिवस हलत नाही. अशाच एका संध्याकाळी केशवराव मळवलीहून परतत होते. मागून कोळशाची लॉरी येत होती. ती चालवणारा नथू हा कार्ल्याकडचा, तिशीतला. लॉरीच्या पुढच्या कोपऱ्याचा धक्का लागला, केशवराव उडून दगडांच्या राशीवर पडले आणि जागच्या जागी गेले.

नथू पळाला नाही. त्यानंच आरोळ्या मारून माणसं गोळा केली. "म्होरं गाडी हाये हेच दिसलं न्हाई," तो सगळ्यांना सांगत होता. "मागं दिवाच नव्हता." पण माणसं धावत आली तेव्हा मोटारसायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती आणि तिचा मागचा दिवा धुक्यात लालभडक जळत होता. पाच-सहा जणांनी तो पाहिला, पोलिसांनीही पाहिला. मग नथूचं बोलणं कोण खरं मानणार? त्यानं दारू घेतली असेल असंही कुणी म्हणालं. त्याला वडगावच्या कोठडीत नेलं.

गाडी ठेवायला जागा नव्हती म्हणून पोलिसांनी ती महिपतीच्याच शेडमध्ये आणून टाकली. हँडल मुडपलं होतं, बाकी सांगाडा धड होता. महिपतीनं तिच्यावर गोणपाट घातलं. पण नथूचं बोलणं आणि केशवरावांची तक्रार एकच होती, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी विटांवर उभी केली, बॅटरी जोडली आणि सीटसमोर नुसता बसून राहिला. दिवा जळत होता. मग तो उठला, घरातलं तांदळाचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन आला आणि सीटवर टाकलं. काही झालं नाही. तो स्वतः त्या पोत्यावर चढून बसला.

"गेला," मागं उभी असलेली धोंडाबाई म्हणाली.

तो उतरला. दिवा लागला. पुन्हा बसला, पुन्हा गेला.

सीटखालून जाणारी वायर त्यानं मागच्या स्प्रिंगच्या लोखंडाला बांधली होती. त्याच्यासारखा किडकिडीत माणूस बसला तर स्प्रिंग थोडीच दबे. केशवरावांच्या वजनानं ती पार खाली जाई आणि वायर तिथं दुमडे. रोज दुमडून आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं कापडी वेष्टण मात्र शाबूत. वजन आलं की तुटकी टोकं दूर होत, वजन उतरलं की पुन्हा टेकत. केशवराव बसले की दिवा विझायचा, उतरले की लागायचा. मरून खाली पडले तेव्हाही तो लागलाच.

महिपतीनं वायरीला हात लावला नाही. दोन दिवस तो धड जेवला नाही. मग अनसूयाबाईकडे गेला आणि ओसरीवर उभं राहूनच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो ड्रायव्हर सुटणार," ती म्हणाली.

"व्हय, बाई. सुटायलाच पायजे."

"आणि हे तुम्ही मला सांगायला आलात?"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग महिपतीनं पोलिसांना कळवलं, आणि वडगावच्या कोर्टात बैलगाडीतून मोटारसायकल नेली. मॅजिस्ट्रेटनी महिपतीचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि गाडी आवारात उभी करायला सांगितली. जाड्या अंगाचा एक हवालदार होता, त्याला सीटवर बसायला लावलं. दिवा गेला. उठवलं, लागला. पुन्हा बसवलं. अनसूयाबाई भावाबरोबर पायरीवर उभी होती. पाठमोरा हवालदार त्या सीटवर बसलेला पाहिला आणि तिनं पदर तोंडाशी धरून मान फिरवली. वायर कुणी बांधली, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं. "म्या बांधली," महिपती म्हणाला.

नथू सुटला. महिपतीवर खटला झाला नाही, पण गाव बोलायचं थांबलं नाही. लॉरीच्या मालकानं पैसे चारून त्याला फिरवला, असं काही म्हणत. काही म्हणत, ज्याच्या हातानं देवीडॉक्टर गेला त्याच्याकडे गाडी द्यायची कशाला. हळूहळू शेडवर गाड्या फक्त पाण्यापुरत्या थांबू लागल्या. अनसूयाबाई भावाकडे तळेगावला गेली ती परत लोणावळ्याला आली नाही.

दिवाळीनंतर नथू एकदा शेडवर आला. ड्रायव्हरकी त्यानं सोडली होती. तो बाकावर बसला.

"कोर्टानं सोडलं, आबा," तो म्हणाला. "पर रातच्याला डोळं मिटलं की तो माणूस दिसतोय. तुमाला दिसतोय का?"

"मला वायर दिसती," महिपती म्हणाला.

धोंडाबाईनं दोघांना चहा दिला. तो पिऊन नथू निघून गेला.

दुसरी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, आणि महिपतीनं शेड मोडून टाकली. मळवलीला एका पारशाच्या बंगल्यावर त्यानं राखणदारी धरली. बंगल्यात वीज होती. एखादा दिवा बिघडला की तो लोणावळ्याहून माणूस बोलवायचा. स्वतः हात लावायचा नाही. त्रेचाळीसच्या थंडीत न्यूमोनियानं तो तिथंच गेला.