नवशादादाचं सोंग

नवशादादा गेल्याचं त्याच्या मुलानं, काळूनं, मला साखरशेतच्या फाट्यावर सांगितलं, तेव्हा माझ्या खिशात दादाच्याच नावाची नोटीस होती. मी गावचा पोलीस पाटील, ती पोचवणं माझं काम. कुणा पुढाऱ्याचा दौरा ठरला की ठाण्यातून नोटीस यायची आणि दादा आपला दमा सांभाळत दिवसभर तिथल्या बाकावर बसून यायचा. या वेळी तो सुटला... नोटीस माझ्याकडेच राहिली.

आमच्याकडे ‘लाल’ हा शब्द पहिल्यांदा वेठबिगारीविरुद्ध उठलेल्यांनी स्वतःच घेतला, झेंड्याबरोबर, छाती पुढे काढून. पुढे दारूचे गुत्ते बंद करायला सूत कातणारे एक गुरुजी आले. झेंडेवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही, तरी गुत्तेवाल्यांनी त्यांना लाल ठरवलं. वावर गावाकडे पोरं भुकेनं दगावली तेव्हा घरोघर नावं टिपणारी डॉक्टरीणबाई लाल. ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलाला हात लावू नका म्हणणारे, ज्यांना कुठलाच झेंडा नको होता, तेही लाल! ही सगळी एका ओटीवर बसली असती तर चहा संपायच्या आत भांडली असती.

दादा यातला कोणीच नव्हता. गळ्यात माळ घालून नाचणी पिकवणारा माणूस. डोंगरात मोजणीचे दगड कुणी रोवले, एवढंच त्यानं ग्रामसभेत विचारलं. त्याच आठवड्यात ठाण्यातून कागद आला. त्यात माणसांची नावं आणि पुढे ‘विचारसरणी’ असा रकाना. सगळे म्हणत होते तेच मी दादाच्या नावापुढे लिहिलं, ‘लाल’. घरी जायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली. ती गंमत त्याला सात पावसाळे भोवली. माझी मलाच लाज वाटते.

बोहाड्यात, आमच्या रात्रभर चालणाऱ्या मुखवट्यांच्या उत्सवात, वेताळाच्या सोंगाचा मान दादाच्या घराचा. लाकडी मुखवटा चढला की त्याची आईसुद्धा त्याला वेताळ म्हणून ओवाळायची. उजाडलं की मुखवटा उतरायचा आणि नवशा चहा मागायचा. एका सकाळी घाम पुसत तो मला म्हणाला, “पाटला, ह्या सोंग सकाळी उतरतं. तू लिवलंस तां कवा उतरल?”

“खोडून आणतो, दादा.”

दोनदा ठाण्यात गेलो. चढलेलं नाव कमी करायचा कागदच नसतो, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेलो नाही. भ्यायलो.

दादाचं दिवसकार्य झालं आणि नवा कागद आला. दादापुढे ‘मयत’ लिहायचं होतं. खाली नवा रकाना होता, ‘त्याच विचाराचे इतर’. तिथे कुणीतरी आधीच पेन्सिलीनं काळूचं नाव लिहिलेलं, मी फक्त पक्कं करायचं. काळूनं तर अजून कुणाला काही विचारलेलंही नाही.

काल त्यांच्या घरी गेलो. भिंतीवरच्या मुखवट्याला आतून दादाच्या घामाचा काळा डाग आहे. यंदा सोंग काळू घेणार. बसतो का बघायला त्यानं तो चढवला आणि आतूनच विचारलं, “काका, कागदावर माझा नाव हाय ना?”

“नाही. खोडलं.”

“मग कोणाचा लिवलंस?”

“माझं. शाईनं.”

बराच वेळ त्यानं मुखवटा उतरवला नाही.