मिनिटसरांची पहाट

मिनिटसर कुणालाही 'कसा आहेस' असं विचारत नसत. दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "सकायपासून काय केलं?" त्याचं उत्तर मिनिटांच्या हिशेबात द्यावं लागायचं, म्हणून त्यांचं हे नाव.

अमरावतीच्या एका क्लासमध्ये ते आम्हाला गणित शिकवायचे. माझं गणित अगदीच कच्चं. सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून, शेजारी बसवून त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलं. माझी नोकरी ही त्यांचीच कृपा, हे मी आजही नाकारत नाही.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे वही. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आखायचे आणि प्रत्येकात काय केलं ते लिहायचं. रिकाम्या चौकोनाला ते लाल गोल करत. "हा अर्धा घंटा कोनं खाल्ला बे?" आम्ही हसायचो. पण एकदा झोपेत गेलेल्या दुपारी मी 'भूमिती' लिहिलं, आणि तीन दिवस सरांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

निवृत्त झाल्यावर सर अकोल्याला राहायला गेले. पुढे माझी बदलीही तिथेच झाली, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याच गल्लीत घर घेतलं. तोवर सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. रोज पहाटे पाचच्या ठोक्याला फोटो यायचा. भिंतीवरचं घड्याळ, खाली वाफाळता चहा, आणि 'मी उठलो. तुमी?' सगळे 'उठलो सर' लिहायचे. मी तर खरंच उठायचो. दुपारी ऑफिसात फायलीवर डोकं टेकायचं. सत्तरीतल्या माणसाला जमतं आणि मला नाही, म्हणजे खोट माझ्यातच, असं वाटायचं.

मग मी प्रज्ञालाही उठवू लागलो. माझी लेक, चौथीतली. तिचीही वही केली. संध्याकाळची लंगडी गेली, तिथे पाढे आले. शाळेत प्रार्थनेला ती उभ्या उभ्या झोपली, तेव्हा बायको भडकली, "लेकरू हाय ते, तुमच्या ऑफिसातला बाबू नाई!" मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "सवय लागून राह्यली तिले. आता ढिला पडशीन तं सारं गेलं." मी ढिला पडलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात सहा दिवसांनी नळ आला, तोही पहाटे पावणेपाचला. अख्खी गल्ली बादल्या घेऊन बाहेर, सरांचं दार तेवढं बंद. म्हातारा जीव पाण्यावाचून राहील म्हणून मी दार ठोठावत होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. घड्याळ, चहा, 'मी उठलो. तुमी?'

काकूंनी दार उघडलं. "ते आठाशिवाय नाई उठत," त्या डोळे चोळत म्हणाल्या. "फोटो तं आठ-आठ दिवसाचे मोबाईलमधी भरून ठेवतेत. आपोआप जातेत."

मी त्यांचे ड्रम भरून दिले आणि ओट्यावर बसून राहिलो. आठ वाजता सर बाहेर आले. मला पाहून काय ते समजले.

"कवापासून, सर?"

"माह्याच्यानं कधीच नाई जमलं रे. तुमचं 'उठलो सर' वाचलं का मले वाटे, कोणाले तरी जमून राह्यलं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. ज्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास टाकला, त्यांनीच मला इतकी वर्षं फसवलं. आणि त्या खोट्यापायी मी माझ्या पोरीच्या तोंडावर पाणी मारून तिला उठवत होतो. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही. पावसाळ्यात सर मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा निरोपालाही गेलो नाही.

नळ आला त्याच दिवशी संध्याकाळी मी प्रज्ञासमोरची वही मिटली आणि म्हणालो, "जा, खेळ." बाहेर पोरींचा गलका चालला होता. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"किती वाजेपर्यंत, बाबा?"

"तुले वाटीन तोवर."

त्याचा अर्थ तिला कळेना. ती दारातच उभी राहिली.