सबनीसांचा काळा रोल

सबनीस गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मेथी निवडत बसले होते. रडू आलं. आणि पाठोपाठ, सांगायला लाज वाटते, मनात आलं ते हे की आता कबुली द्यायची कुणाला? पाच-सहा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून होते. पुढच्या भेटीत सांगू, पुढच्या भेटीत सांगू... म्हणता म्हणता माणूसच गेला.

गेल्या वर्षी पुण्याला येईपर्यंत जयपूरला विद्याधर नगरात आम्ही शेजारी. आमचे हे बँकेत, सबनीस विमा कंपनीतून निवृत्त. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, सबनीस पाखरांना लागले. एका फाल्गुनात आमच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजिराच्या मादीनं लोंबतं घरटं बांधलं आणि आमच्या घराचा ताबा सबनीसांकडे गेला. दोरी बंद, कुकरच्या शिट्ट्या बंद. सकाळी साडेसहाला कॅमेरा घेऊन हजर. मीच चहा द्यायचा आणि बशी वाजली तर त्यांनीच माझ्यावर डोळे वटारायचे! छत्तीस फोटोंचा एक रोल त्यांनी तीन आठवडे पुरवला. "घाई नको, वहिनी. पिल्लू चोच उघडेल तेव्हाच बटण दाबायचं."

धुळवडीला तर कहर झाला. कॉलनीतली पोरं पिचकाऱ्या घेऊन आली, तर सबनीस फाटकात हात जोडून उभे. "भैया, हल्ला-गुल्ला मत करो, अंदर जच्चा है." घरात बाळंतीण आहे म्हटल्यावर पोरं गुपचूप परत गेली. संध्याकाळी समोरच्या भाभीजी डिंकाचे लाडू घेऊन दारात. मी तेव्हा बावन्न वर्षांची! मला आपादमस्तक न्याहाळून त्या म्हणाल्या, "बधाई हो... मतलब, है कौन?" सबनीसांनी गंभीर चेहऱ्यानं घरट्याकडे बोट दाखवलं आणि दोन लाडू उचलले.

पिल्लं उडाली त्या सकाळी कॅमेरा आमच्या टेबलावर ठेवून ते हात धुवायला गेले. आमच्या घरात कधी कॅमेरा नव्हता. पण नुकताच भाच्याच्या लग्नात नवा डिजिटल कॅमेरा पाहिला होता, पाठीवर फोटो दिसणारा. मला वाटलं, सबनीसांचेही आत कुठेतरी दिसत असतील. कडी ओढली, झाकण उघडलं. आत नुसती तपकिरी पट्टी. झाकण लावलं आणि पोहे फोडणीला टाकले.

रोल धुतला तो काळाठिक्कर. स्टुडिओवाला म्हणाला, "सरजी, अंदर रोशनी चली गई." सबनीस ती काळी पट्टी घेऊन आमच्याकडे आले. डोळे भरले होते. "कडी सैल झाली असणार, वहिनी. जुना झाला कॅमेरा." काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि मी मूग गिळून बसले. वर त्यांनीच माझी समजूत काढली, "पुढच्या फाल्गुनात येईल ती परत."

मागच्या आठवड्यात सुमनताईंना, त्यांच्या पत्नीला, भेटायला जयपूरला गेले. कपाटात कॅमेरा होता. झाकणावर पांढरी चिकटपट्टी. त्या प्रकारानंतर दर फाल्गुनात ती मी बघत आले होते आणि दर वेळी मनातल्या मनात खजील होत होते. अखेर धीर करून विचारलं, "कडी दुरुस्त नाही का करून घेतली?"

"कडीला काय झालंय? चांगली घट्ट आहे," सुमनताई म्हणाल्या. "तलावावर, बागेत जाताना पट्टी काढून ठेवायचे. तुमच्याकडे यायचं असलं की तेवढी लावायचे. आणि मला बजावायचे, वहिनींना बोलू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल."