भीमाचं बिऱ्हाड

लातूर जिल्हा झाला त्या साली सरजाबाईंना भीमा झाला. जिल्हा वाढला, भीमाही वाढला. बोलणं मात्र त्याने फार जपून वापरलं. गल्ली त्याला खुशाल येडा म्हणायची. पुढे डॉक्टरांनी ‘स्वमग्न’ हा शब्द सांगितला, तर सरजाबाई घरोघरी जाऊन तो ऐकवून आल्या.

सरकारी दवाखान्यातली आयाची नोकरी संपली आणि बाईंना एकच घोर लागला: आपल्या माघारी ह्याचं कसं होणार? तोच घोर औशाच्या हणमंतरावांना, कारण त्यांचा नरसिंगही भीमासारखाच. डॉक्टरांच्या बाकावर बसून बसून दोघांची ओळख झालेली.

“आपण जित्ते हाव तवरच बघू, बाई,” हणमंतराव म्हणाले. त्यांनी औशातल्या दोन खोल्या पोरांसाठी मोकळ्या केल्या, सोबतीला चंद्रप्पा नावाचा शांत माणूस ठेवला. भावकीने लगेच नाकं मुरडली. बौद्धाचं पोरगं तुमच्या घरात राहणार?

“माज्या न्हाई, त्येच्या सोताच्या घरात ऱ्हाणार हाय!” हणमंतरावांनी भावकीला सुनावलं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा. असल्या दुष्काळात कुणी नवं बिऱ्हाड थाटतं का, असं सरजाबाईंची बहीणसुद्धा म्हणाली. “दुष्काळ सरायची वाट बगत बसले, तर मीच सरून जाईन,” म्हणत सरजाबाईंनी भीमाला औशाला पोचवलं. पोरं तिथे रुळावीत म्हणून महिनाभर भेटायला जायचं नाही, असं ठरलं होतं.

ठरवणं सोपं असतं.  पोरगं रडून अर्धं झालं असेल, ह्या विचाराने बाई महिना भरायच्या आतच एसटीत बसल्या. त्याचे कपडे भरून त्याला परत आणायला मोठी पिशवीही घेतली.

दारातून पाहिलं तर भीमा परातीत पीठ मळत होता आणि नरसिंग शेजारी बसून ताटं पुसत होता. भीमाने वर पाहिलं. रडला नाही, बिलगला नाही. हात धुतले, माठातून तांब्याभर पाणी आणून आईपुढे ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “जेवून जा.”

सरजाबाईंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. जन्मभर ज्याला भरवलं, तोच आज यजमान होऊन त्यांना जेवायला थांबवत होता.  पिशवी गुपचूप पदराआड सारून त्या पाहुण्यासारख्या पाटावर बसल्या.

भाकरी जाड होती, एका अंगाने करपलेली. बाईंनी दुसरी मागून घेतली.