आखूड शेपटीचा नाग

गणपतीपुळ्याच्या वाटेवर हल्ली दर दुसऱ्या हॉटेलाच्या भिंतीवर वारली नाचतात. कोकणची लोककला म्हणे! आमच्याकडे वारली चित्रं कधी नव्हतीच. जन्मभर चित्रकलेची मास्तरकी केल्यामुळे असलं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्या लांज्याकडच्या गावात नागपंचमीला बायका पाटावर गंधाने नाग काढत, त्याचं एक चित्र कुठल्या हॉटेलात दाखवा मला.

म्हणून यंदा ठरवलं, आईचा पाट कागदावर उतरवून घ्यायचाच; नोकरीपायी कित्येक वर्षं पंचमीला गावी येणंच झालं नव्हतं. गावात हाताने नाग काढणारी ती एकटीच उरली आहे. बाकीच्या घरांत बाजारातला छापील कागद चिकटवून मोकळे होतात.

पंचमीच्या सकाळी आईने सहाणेवर चंदन उगाळलं, माडाच्या हिराच्या काडीला कापूस गुंडाळला आणि पाट पुढे ओढला. मोठ्या नागाच्या फण्यावर दहाचा आकडा, ती कृष्णाची पावलं. खाली पिल्लांची रांग. मला हवं होतं ते शेवटचं पिल्लू. कहाणीतल्या सुनेच्या हातून दिवा पडला आणि त्याची शेपटी तुटली. मोठं झाल्यावर ते सूड घ्यायला आलं, तर तिने पाटावर त्याचंच चित्र काढून, भाऊ म्हणून दूध-लाह्या ठेवलेल्या. ते तसंच माघारी गेलं. आमच्या घरात ते पिल्लू तुटक्या शेपटीचंच काढत. आपण ज्याला दुखवलं आणि तरी ज्याने आपल्याला सोडून दिलं, तोही देवच. मला त्या पाटात सगळ्यात मोलाची वाटायची ती ही अर्धी शेपटी.

आईने त्याला चांगली लांब, टोकदार शेपटी काढली.

"आये, ह्याची शेपटी तुटकी असते."

"नाय. अशीच."

मी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढायला लावलं. पुन्हा लांब. तिसऱ्यांदाही तेच. माझा आवाज चढला. "लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय मी! तू विसरलीस." स्वयंपाकघरात पातोळ्या उकडत होत्या, तिथून बायको दोनदा डोकावून गेली. सणासुदीला म्हाताऱ्या आईवर ओरडतोय हे मला कळत होतं, पण तोंडाला लगाम नव्हता.

आईने काडी खाली ठेवली.

"इसरले नाय मी. तू मास्तर झालास त्या वरसाला बोल्लास, आये, ह्याचा माप चुकलाय, शेपटी पुरी कर, लोक हसतील. तवापासना मी पुरी काढते."

मला काही म्हणता काही आठवलं नाही. पण बोलणं माझंच होतं, शंका नको. पोरांच्या वह्यांवर तीस वर्षं मी हेच लिहीत आलो. स्वतःचाच राग आला.

"मग आता पहिल्यासारखी काढ," मी म्हटलं.

"आता हात तसा वळत नाय रं. तुला ठावं हाय ना? तूच काढ."

मी तिने काढलेली शेपटी पुसली आणि काडी हातात घेतली. शेपटी कुठे तोडायची, टोक बोथट ठेवायचं की वाकडं, काहीच समोर येईना. गंध वाळायला लागलं. शेवटी काडी टेकवली, आणि हात सरसर फिरून टोकापर्यंत जाऊन थांबला. शेपटी पुरी, अगदी मापात.