एकलाथ्यांची गाडी

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव फार कोणाला आठवत नसे. एका लाथेत गाडी सुरू करतात म्हणून सगळे त्यांना एकलाथे म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. लाथ मारीन तिथं पाणी काढीन, अशी एकूण वृत्ती. धंदाही पाण्याचाच.

गाडी त्यांच्याहून वयानं मोठी. वडिलांनी घेतलेली, एका सिलिंडरची, बटणाचे वगैरे लाड नसलेली. थंडी सरली की जुन्या मोटरसायकली बाळगणारी आठ-दहा माणसं डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत जायची. दिवसभराचा रस्ता. नियम एकच, तोही एकलाथ्यांनीच घातलेला: आपली गाडी आपल्या पायानं सुरू करायची. जमलं नाही, तर गाडीसकट मागच्या टेम्पोत बसायचं. एकदा टेम्पोत बसलेला माणूस पुढच्या वर्षी सहसा यायचा नाही. चांगले चांगले गडी असे गळाले होते, आणि दरवेळी एकलाथे मिशीत हसले होते.

यंदा त्यांचा उजवा गुडघा गेला. जिना उतरताना भिंत धरावी लागे, किक तर लांबच राहिली. हे फक्त बायकोला माहीत होतं.

“यंदा नका जाऊ,” ती म्हणाली. “नाहीतर सरळ सांगा, पाय दुखतोय म्हणून.”

“आणि टेम्पोत बसू? त्यापेक्षा मेलेलं बरं.”

“मरायला कोण सांगतंय? नुसतं बसायचंय.”

पण ऐकतील तर ते एकलाथे कसले. त्यांची गल्ली उताराची होती. निघायच्या दिवशी त्यांनी गिअर टाकला, क्लच दाबून गाडी उतारावर सोडली आणि वेग आल्यावर क्लच सोडला. गाडी बोलू लागली. चौकात पोचले तोवर बाकीच्यांच्या गाड्या सुरू झालेल्या. उशीर केला म्हणून चेष्टा झाली, किक कोणी बघायला मागितली नाही. मुक्कामाची जागा टेकडीवर होती, तिथं पुन्हा उतार मिळणार होता. तोवर इंजिन बंद होऊ द्यायचं नाही, एवढंच सांभाळायचं होतं.

चहाला थांबले तेव्हा सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. यांची धडधडत राहिली.

“बंद करा की,” चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे जुने सोबती म्हणाले. “एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.”

“कार्बोरेटर नवा बसवलाय. राहू दे जरा चालू.”

हीच थाप दुसऱ्या कोणी मारली असती तर एकलाथ्यांनी त्याची सालटी काढली असती. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत फार वेळ चालू ठेवू नये, हे याच माणसानं सगळ्यांना शिकवलेलं.

पुढे रेल्वेचं फाटक बंद. ऊन डोक्यावर, मालगाडी संपता संपेना. बाकीचे गाड्या बंद करून सावलीला गेले. एकलाथे एकटेच गाडीवर बसून राहिले. सिलिंडरची झळ पोटऱ्यांना लागत होती. आजूबाजूला वीतभर उतार नव्हता. बंद कर, बंद कर, असं आतून कोणीतरी सांगत होतं आणि त्यांना अगदी रडायला आलं होतं. चावी मात्र त्यांनी फिरवली नाही.

घाटाच्या पहिल्याच वळणावर इंजिनाचा आवाज आवळला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं. त्यांनी क्लच ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. जळक्या तेलाचा वास सुटला होता. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसला होता.

सगळे जमले. चष्मेवाल्यांनी टाकीवरून हात फिरवला. “वय झालं हिचं. तुम्ही तरी काय करणार? सांभाळायची तेवढी सांभाळलीत.”

एकलाथ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “म्हातारी झाली.”

चौघांनी गाडी टेम्पोत चढवली. मग एकलाथ्यांना चढवायलाही दोघे लागले. धक्क्यानं पाय गळाले असतील, असं सगळ्यांना वाटलं.

घरी बायकोनं विचारलं, “काय झालं?”

“गाडी म्हातारी झाली.”

“गाडी?” ती एवढंच म्हणाली आणि गुडघ्याला लावायचं तेल गरम करायला आत गेली.

पुढच्या वर्षी ते गेले नाहीत. गाडी त्यांच्या दुकानातच उभी आहे. जाम झालेली यंत्रं मोकळी करण्यात त्यांचा जन्म गेला. येणारे-जाणारे म्हणतात, एकदा इंजिन उघडून तर बघा. पण उघडलं, तर ती वयानं नाही, तापून मेली हे चष्मेवाल्यांनासुद्धा चष्म्याशिवाय दिसेल. म्हणून ते उघडत नाहीत.